तीन कप्प्यांचं हृदय

अकरावीचं जीवशास्त्राचं पुस्तक दिल्लीत, श्री अरविंद मार्गावरच्या एनसीईआरटीच्या आवारात तयार होतं आणि तिथून देशभर जातं. प्राण्यांच्या शरीररचनेच्या प्रकरणात पूर्वी गांडूळ, झुरळ आणि बेडूक असे तिघे असायचे. कोविडनंतर अभ्यासक्रम कमी केला तेव्हा पहिले दोघे वगळले गेले, बेडूक तेवढा राहिला. त्यामुळे वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणारं पोर लातूरचं असो की दिल्लीतल्या कालू सरायच्या शिकवणीतलं, माणसाखेरीज ज्या एका प्राण्याचा देह त्याला आतून-बाहेरून पाठ असतो तो बेडकाचा.

पाठ करायची रीत ठरलेली आहे. डावीकडे माणूस, उजवीकडे बेडूक. हृदयाचे कप्पे ४ आणि ३. मेंदूतून निघणाऱ्या चेतांच्या जोड्या १२ आणि १०, मज्जारज्जूतून निघणाऱ्या ३१ आणि १०. मान आहे, नाही. बरगड्या आहेत, नाहीत. श्वासपटल आहे, नाही. हा तक्ता वरून खाली वाचत गेलं की बेडूक म्हणजे अर्धवट राहून गेलेला माणूस, असा समज हळूहळू मनात रुजतो. तो समज मला या प्रकरणात उपटून काढायचा आहे. बेडकाच्या देहात जे ‘नाही’ म्हणून नोंदलं जातं, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचं कारण त्याच्या कातडीत सापडतं.

पुस्तकात ज्याला राना टिग्रिना म्हटलं आहे, त्याचं आजचं शास्त्रीय नाव होप्लोबॅट्रॅकस टायगरिनस. दिल्लीकरांना तो परका नाही. यमुनेच्या पूरमैदानात, वझिराबादजवळच्या यमुना जैवविविधता उद्यानासारख्या जागी किंवा गुरुग्राम-नजफगढकडच्या पाणथळीत पहिला मोठा पाऊस झाला की नर बाहेर पडतात. एरवी मातकट-हिरवा असणारा हा बेडूक त्या दिवसांत लिंबासारखा पिवळा होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या गडद निळ्या दिसतात. दिल्लीचा जून ४५ अंशांपर्यंत तापतो, जानेवारीत पारा ५ अंशांच्या खाली जातो. माणसाचं शरीर दोन्ही ऋतूंत ३७ अंशांवरच राहतं आणि त्यासाठी रात्रंदिवस अन्न जाळतं. बेडूक तो खर्चच करत नाही. परिसर तापला की तोही तापतो, गारठला की गारठतो, आणि दोन्ही टोकांना जमिनीत खोल दडून राहतो. खर्च कमी म्हणून ऑक्सिजनची गरजही कमी. पुढचं सगळं समजायला ही एक गोष्ट ध्यानात असली म्हणजे पुरे.

आता कातडी. आपली कातडी म्हणजे कुंपण आहे. पाणी आत येऊ द्यायचं नाही, बाहेर जाऊ द्यायचं नाही, जंतूंना अडवायचं. बेडकाची कातडी पातळ, ओलसर आणि रक्तवाहिन्यांनी भरलेली असते. तो तोंडाने पाणी पीत नाही. ओल्या जमिनीवर बसतो आणि मांड्यांच्या व पोटाच्या खालच्या कातडीतून पाणी शोषून घेतो. त्याचं मूत्राशयही केवळ टाकाऊ द्रव साठवण्यापुरतं नसतं. कोरड्या दिवसांत त्यातलं पाणी परत रक्तात घेता येतं. आपल्या मूत्राशयाला हे जमत नाही.

हीच कातडी श्वासही घेते. पाण्याखाली बुडी मारलेल्या बेडकाची फुप्फुसं काही कामाची नसतात, तेव्हा पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कातडीतून थेट रक्तात जातो. जमिनीवर असतानाही शरीरातला बराचसा कार्बन डायऑक्साइड कातडीवाटेच बाहेर पडतो. माणसाच्या देहात असा श्वास घेणारी एक लहानशी जागा आहे, ती म्हणजे डोळ्यावरचा पारदर्शक पडदा, कॉर्निया. त्यात रक्तवाहिन्या नसतात, कारण असत्या तर त्यातून दिसलं नसतं. म्हणून तो अश्रूंच्या थरात विरघळलेला ऑक्सिजन हवेतून घेतो आणि त्यासाठी कायम ओला असावा लागतो. बेडकाची सगळी कातडी या अटीवर जगते.

कातडी श्वास घेते म्हटल्यावर हृदयाचा प्रश्नच बदलतो.

माणसाच्या हृदयात दोन अलिंदं आणि दोन निलय. उजवी बाजू शरीरातून आलेलं, ऑक्सिजन कमी असलेलं रक्त फुप्फुसांकडे पाठवते. डावी बाजू फुप्फुसांतून आलेलं ताजं रक्त शरीराला देते. मधली भिंत पक्की असते. बेडकाच्या हृदयात अलिंदं दोन, पण निलय एकच. साहजिकच वाटतं की तिथे चांगलं-वाईट रक्त मिसळत असणार आणि ही रचना कच्ची असणार. प्रत्यक्षात निलयाची आतली बाजू स्पंजासारखी खाचाखोचांची असते, त्यामुळे दोन प्रवाह पूर्णपणे एकजीव होत नाहीत, आणि हृदयातून निघणाऱ्या मोठ्या नळीत एक पीळदार पडदा असतो, तो रक्ताला वेगवेगळ्या वाटांना लावायला मदत करतो. त्यातली एक धमनी फुप्फुसाकडे जाता जाता कातडीलाही फाटा देते.

याहून मोलाची गोष्ट पुढेच आहे. कातडीतून ऑक्सिजन घेऊन आलेलं रक्त बेडकाच्या उजव्या अलिंदात येतं, म्हणजे आपल्या हिशेबाने ‘अशुद्ध’ रक्ताच्या बाजूला. मधे पक्की भिंत असती, तर हे ताजं रक्त शरीराला मिळण्याआधी पुन्हा एकदा फुप्फुसांची निष्कारण फेरी मारून आलं असतं. आणि बेडूक पाण्याखाली असताना फुप्फुसांत नवी हवा येतच नाही. तेव्हा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि एकाच निलयातलं रक्त शरीराकडे आणि कातडीकडे वळवता येतं. चार कप्प्यांच्या हृदयात ही मुभा नाही. जितकं रक्त डावीकडून निघतं, तितकंच उजवीकडून फुप्फुसांत गेलंच पाहिजे. म्हणजे ज्या भिंतीवाचून बेडूक आपल्याला अपुरा वाटतो, तीच भिंत त्याच्या जगण्याच्या आड आली असती.

माणसाच्या बाळाला मात्र एकच निलय घेऊन जन्माला येणं जिवावर बेतू शकतं. असं बाळ निळसर पडतं, टप्प्याटप्प्याने शस्त्रक्रिया कराव्या लागतात. त्याचं रक्त गरम आहे, ऑक्सिजनची भूक मोठी आहे आणि कातडी मदतीला येत नाही. रचना चांगली की वाईट, हे त्या देहाचा बाकीचा संसार पाहिल्याशिवाय सांगताच येत नाही.

तरीही जन्मापूर्वी आपण प्रत्येकाने रक्त असंच वळवलेलं असतं. गर्भात फुप्फुसं द्रवाने भरलेली असतात आणि ऑक्सिजन नाळेतून येतो, म्हणजेच तोही उजव्या अलिंदात पोचतो. म्हणून दोन अलिंदांमधल्या पडद्यात एक झडपेसारखी फट असते आणि फुप्फुसधमनीपासून महाधमनीला जोडणारी एक लहान नळी असते. बरंचसं रक्त फुप्फुसांना टाळून जातं. बाळाने पहिला श्वास घेतला की फट मिटू लागते, नळी काही दिवसांत बंद होते. पाण्यातल्या बेडकाचा आणि पोटातल्या बाळाचा पेच एकच आहे, आणि दोघांनीही फुप्फुसांना वळसा घालून तो सोडवला आहे.

श्वास घेण्याची बेडकाची पद्धतही ‘श्वासपटल नाही’ एवढ्यावर सोडून देण्यासारखी नाही. आपण श्वास घेतो तेव्हा श्वासपटल खाली जातं, बरगड्या उचलल्या जातात, छातीची पोकळी वाढते आणि हवा आत ओढली जाते. बेडकाला बरगड्या नाहीत. तो नाकपुड्या उघडून तोंडाचा तळ खाली करतो, हवा तोंडात येते. मग नाकपुड्या मिटून तळ वर उचलतो आणि हवा फुप्फुसांत ढकलतो. बसलेल्या बेडकाचा गळा सारखा हलताना दिसतो तो यासाठी. आपण हवा ओढतो, बेडूक ढकलतो. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली, तेव्हा रुग्णाला लोखंडी पेटीत ठेवून छातीभोवतीचा दाब कमी करण्याची जुनी पद्धत अपुरी पडली. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वासनलिकेत नळी घालून हवा थेट आत ढकलण्याचा मार्ग धरला. आजचे व्हेंटिलेटर त्याच मार्गाने चालतात. २०२१च्या उन्हाळ्यात दिल्लीतल्या रुग्णालयांत ज्या यंत्रांनी असंख्य माणसांचा श्वास चालू ठेवला, ती माणसाच्या नैसर्गिक श्वासाची नक्कल करत नव्हती. त्यांची रीत बेडकाची होती.

माणसाच्या देहाबद्दलची काही मूलभूत उत्तरं बेडकाच्याच देहातून आली आहेत. विल्यम हार्वीने १६२८ मध्ये सांगितलं की रक्त गोल फिरतं, पण धमन्यांतून शिरांमध्ये ते कसं जातं हे त्याला दाखवता आलं नव्हतं. १६६१ मध्ये मार्चेल्लो माल्पिगीने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाचं फुप्फुस पाहिलं आणि केशवाहिन्या सापडल्या. १९२१ मध्ये ओटो लोवीने बेडकाची दोन हृदयं घेतली. एकाची चेता चेतवून त्याची गती मंदावली, मग त्यातला द्रव दुसऱ्यावर सोडला, तेही मंदावलं. चेता रसायनाच्या भाषेत बोलतात, हे अशा रीतीने कळलं. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन, आणि ते आपल्याही हृदयाला आवरतं. वैद्यकीय महाविद्यालयांत बेडकाच्या पोटरीचा स्नायू आणि त्याची चेता काजळी धरलेल्या फिरत्या ढोलाशी जोडून करायचे प्रयोग कित्येक पिढ्यांच्या डॉक्टरांनी केले आहेत.

हाडांकडे वळू. बेडकाच्या कण्यात ९ मणके आणि शेवटी एक लांब दांडा. आपल्या प्रौढ कण्यात मोजून २६ हाडं. कोपरापासून मनगटापर्यंत आपल्याला दोन हाडं असतात, ती एकमेकांवर फिरतात म्हणून तळवा उलटसुलट करता येतो, कुलपात किल्ली फिरते. बेडकात ही दोन्ही जोडून एक झालेली आहेत. तळवा फिरत नाही, पण उडीनंतर हातांवर आदळतानाचा धक्का ते हाड सोसतं. नडगीची दोन हाडंही तशीच जोडलेली. घोट्यातली दोन लहान हाडं, जी आपल्या पावलात टाचेशी दाबून बसलेली असतात, ती बेडकात लांबलचक झाली आहेत आणि पायाला आणखी एक बिजागरी मिळाली आहे. हाडं तीच, पण कामं निराळी.

कानात तर ही कहाणी थक्क करणारी आहे. आपल्या मध्यकर्णात हातोडा, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडं असतात. बेडकाच्या कानात एकच, ते आपल्या रिकिबीच्या नात्यातलं. मग आपली उरलेली दोन आली कुठून? बेडकाचा वरचा आणि खालचा जबडा ज्या दोन भागांनी एकमेकांशी जोडलेला असतो, तेच भाग सस्तन प्राण्यांच्या पूर्वजांमध्ये लहान होत होत कानाकडे सरकले आणि हातोडा-ऐरण झाले. आपला जबडा दुसऱ्याच हाडांनी जोडला गेला. बेडूक ज्याने तोंड मिटतो, त्याने आपण ऐकतो. गर्भाच्या वाढीत आजही हे दोन भाग जबड्याच्या कूर्चेच्या टोकाशी तयार होताना दिसतात.

पचनसंस्थेत फारसं नवल नाही. जठर, यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड, सगळं आपल्यासारखंच. दात फक्त वरच्या जबड्याला, जीभ पुढच्या बाजूने जोडलेली, आणि घास गिळताना डोळे खोबणीत आत ओढून त्याला मागे रेटायची एक युक्ती. नवल आहे ते आतड्याच्या लांबीत. बेडकाचं आतडं आखूड असतं कारण तो किडे खातो, पण शेवाळ खरवडून खाणाऱ्या त्याच्या पिल्लाचं, म्हणजे भैरेचं, आतडं गुंडाळी करून ठेवल्यासारखं लांब असतं. रूपांतराच्या दिवसांत ते आखडतं, शेपूट विरते, पाय फुटतात, कल्ले जातात. १९१२ मध्ये गुडरनाच याने भैरांना प्राण्यांची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली आणि त्या वेळेआधीच बेडूक होऊ लागल्या. त्या ग्रंथीतलं संप्रेरक बेडकात आणि माणसात एकच आहे. ते घडायला लागणारं आयोडीन मिळालं नाही तर भैर भैरच राहते. माणसाच्या बाळाला ते मिळालं नाही तर मेंदूची वाढ खुंटते. दिल्लीच्या ‘एम्स’मधले व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांचे सहकारी यांनी हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात केलेल्या अभ्यासातून आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो हे दिसलं, आणि देशातल्या मीठ-कार्यक्रमाला त्याचा आधार मिळाला.

मूत्रपिंडांच्या बाबतीत तर गर्भ आणि बेडूक फारच जवळ येतात. माणसाच्या गर्भात मूत्रपिंड एकामागून एक तीनदा घडतं. पहिलं नावापुरतं, दुसरं काही आठवडे टिकणारं, तिसरं कायमचं. प्रौढ बेडूक ज्यावर आयुष्य काढतो ते या दुसऱ्या जातीचं. आपल्यात ते विरतं, पण त्याची नळी वाया जात नाही. पुरुषात तीच पुढे शुक्रवाहिनी होते. नर बेडकात शुक्राणू मूत्रपिंडातूनच जातात आणि एकच नळी मूत्र व शुक्र दोन्ही वाहते, हे आठवलं की ही नळी आपल्याकडे कुठून आली ते कळतं. मल, मूत्र आणि प्रजनन या तिन्हींचं बेडकात एकच द्वार असतं. आपल्या गर्भातही सातव्या आठवड्याच्या सुमारास पडदा येईपर्यंत तशीच एक पोकळी असते. बोटांमधली कातडीही गर्भात असते आणि तिच्या पेशी ठरल्या वेळी मरतात म्हणून बोटं सुटी होतात.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. माणसाचा गर्भ आधी मासा, मग बेडूक, मग माणूस होतो, असं एकोणिसाव्या शतकात हेकेलने मांडलं आणि ते अजून लोकांच्या बोलण्यात आहे. ते खरं नाही. गर्भ कधीच बेडूक नसतो. बेडूक आणि माणूस यांचे पूर्वज साधारण ३५ कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले, आणि दोन्ही घराण्यांच्या गर्भाची सुरुवातीची आखणी अजून मिळतीजुळती आहे, इतकाच त्याचा अर्थ. बेडूक आपला पूर्वज नाही, चुलत घराण्यातला आहे, आणि आपल्याइतकीच वर्षं तोही बदलत आला आहे.

प्रजननात हे बदल किती दूर गेले आहेत याचं एक उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे, आणि ते दिल्ली विद्यापीठाच्या संशोधकांनी जगासमोर आणलं. पुस्तकातला बेडूक मादीला हातांनी घट्ट कवटाळतो, ती एका वेळी अडीच-तीन हजार अंडी पाण्यात सोडते आणि फलन देहाबाहेर होतं. पण साताऱ्यातल्या कोयनेजवळच्या हुंबर्ळीत निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी या रातबेडकाचा नर मादीला कवटाळतच नाही. एस. डी. बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये लिहिलं की तो तिच्या पाठीवर येऊन हात पानावर किंवा फांदीवर टेकवतो, शुक्राणू पाठीवर सोडतो आणि निघून जातो. मादी नंतर अंडी घालते आणि पाठीवरून ओघळणारे शुक्राणू त्यांना फळवतात. या जातीच्या माद्याही साद घालतात, जे बेडकांत दुर्मीळच. बेडकाला नाव आहे मुंबईच्या हुमायून अब्दुलाली यांचं. परदेशी ताटांसाठी भारतातून बेडकांचे पाय निर्यात होत होते, त्याविरुद्ध ज्यांनी आग्रहाने लिहिलं त्यांत ते होते. केंद्र सरकारने १९८७ मध्ये ती निर्यात बंद केली.

वर्गातल्या मेणाच्या ताटातले बेडूक मात्र त्यानंतरही बराच काळ मरत राहिले. दिल्लीतल्याच विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने थांबवण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०१४ मध्ये अधिक कडक पाऊल उचललं. मला हा निर्णय योग्य वाटतो. क्लोरोफॉर्म देऊन टाचण्या टोचलेल्या बेडकात हृदयाचे तीन कप्पे दिसायचे, पण ते तीनच का आहेत हे त्या ताटात दिसत नव्हतं. ते जिवंत, ओल्या बेडकातच कळतं.

बेडकाचा जीव कातडीवर किती अवलंबून असतो, याचा सर्वांत कठोर पुरावा एका बुरशीने दिला. कायट्रिड नावाच्या या बुरशीने ऑस्ट्रेलियात आणि मध्य अमेरिकेत बेडकांच्या कित्येक जाती संपवत आणल्या. ती फक्त कातडीत वाढते, आतल्या एकाही अवयवाला हात लावत नाही. मग बेडूक मरतो कशाने? २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या हिरव्या वृक्षबेडकांवरच्या अभ्यासाने उत्तर दिलं. बिघडलेल्या कातडीतून क्षारांची ने-आण थांबते, रक्तातलं सोडियम आणि पोटॅशियम घसरतं आणि हृदय बंद पडतं. आपल्या अतिदक्षता विभागात दिवसातून अनेकदा ज्या दोन क्षारांची तपासणी होते, तेच हे दोन. आपल्यात त्यांचा तोल मूत्रपिंडं सांभाळतात, बेडकात त्या कामाचा मोठा वाटा कातडीचा आहे.

पुण्याच्या नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ही बुरशी उत्तर पश्चिम घाटातल्या बेडकांवर सापडल्याचं मांडलं. ऑस्ट्रेलियासारखी मृत्यूची लाट भारतात नोंदली गेलेली नाही. २०१८ मधल्या जनुकीय अभ्यासानुसार या बुरशीचं मूळ पूर्व आशियात आहे. त्यावरून एक तर्क असा की आशियातले बेडूक तिच्यासोबत दीर्घकाळ राहिले आहेत आणि त्यांच्या कातडीत तिला रोखण्याची काही सोय झाली असावी.